कुशाबांनी विळा लावला

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी कुणाला काही बोलले तर तुम्हाला नवल वाटायला नको. पण त्या गुरुवारी जे झालं त्यात माझ्या रागाचा काही दोष नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हे माझ्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही.

आमच्या गावात भात कधी कापायचं हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर कमीपणा वाटतो. सगळे आमच्या बांधाकडं डोळा ठेवून असतात. माझे सासरे कुशाबा, घरचे आबा, ज्या दिवशी आमच्या वरच्या खाचराला विळा लावतात, त्या दिवशी दहा वाजेपर्यंत सगळ्या शिवारात विळे चालू झालेले असतात. तीस-पस्तीस वर्षं हे असंच चाललंय. आबा काही ज्योतिषी नाहीत. सकाळी बांधावर जायचे, लोंबीतला दाणा दाताखाली धरून बघायचे, पूर्वेकडं तोंड करून जरा वेळ उभे राहायचे आणि घरी येऊन चहा प्यायचे. बोलायचे काही नाहीत. कापलेलं भात दोन-तीन दिवस खाचरातच पसरून वाळवावं लागतं, तेवढे दिवस ऊन मिळालं पाहिजे. आबा कापायचे तेव्हा ऊन मिळायचं. दोनदा चुकले होते म्हणे, पण ते कोणाच्या लक्षात नाही.

गावाला एवढंच ठाऊक नव्हतं, की आबांचं डोकं आता ठिकाणावर राहत नव्हतं.

श्रावणात ते मला चंद्रा म्हणायला लागले. चंद्रा त्यांची बहीण, मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेली. एकदा जेवून उठले आणि पाच मिनिटांनी परत पाटावर येऊन बसले. मी वाढत नाही म्हणून माझ्यावरच डाफरले. मधेच चार-चार दिवस अगदी लख्ख असायचे, कुठल्या बांधाला कुठं भोक पडलंय ते सांगायचे. चारचौघांत बसले की बोलायचे कमी. आणि आबा आधीपासूनच कमी बोलणारे, त्यामुळं संशय कोणाला आला नाही.

लोकांना सांगायची वेळ आली तर मी श्रावणच सांगते. पण तुम्हाला कशाला खोटं बोलू. त्याआधी ज्येष्ठात रस्त्याकडेची अकरा गुंठे जागा आबांनी आमच्या ह्यांच्या, निरंजनच्या नावानं बक्षीसपत्र करून दिली. आयटीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला आम्ही तिथं खोल्या बांधतोय. सहीच्या दिवशी कचेरीच्या बाकावर बसल्या-बसल्या आबांनी मला विचारलं, "नवरी कुटली हाय गं?" मी म्हटलं, "आबा, लगीन न्हाई, आपला कागद हाय." ते बरं म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "वऱ्हाड अजून कसं आलं न्हाई?" तेवढ्यात नाव पुकारलं. आत गेले, विचारलं त्याला व्हय-व्हय म्हणाले आणि झोकात सही करून आले. येताना गाडीत मी आणि निरंजन नुसतं खोल्यांच्या खर्चाचं बोललो.

माझी नणंद लीलाआक्का नांद्याला दिलेली आहे. बाई स्वभावानं वाईट नाही, पण सरळ बोलते. कागदाचं कळल्यावर आली, माझ्या हातचा चहा प्याली आणि म्हणाली, "आबांनी समजून-उमजून दिलं आसंल तर माझं काय म्हननं न्हाई." जाताना चपला घालताना परत तेच म्हणाली, "समजून दिलं आसंल तर." तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम झाला. आबांचं डोकं फिरलंय हे घराबाहेर जाता कामा नये. गेलं तर कागद कोर्टात, आणि अर्ध्या उभ्या राहिलेल्या खोल्या तशाच पावसात.

आता त्या आठवड्याचं ऐका.

ह्या वर्षी मोबाईलनं जीव नकोसा केला होता. दसरा झाला, खाचरातलं इंद्रायणी भात पिकून पिवळंधमक झालं, आणि मोबाईलवर रोज नवीन तमाशा. रविवारी जोराचा पाऊस सांगितला, कडक ऊन पडलं. सोमवारी उघडीप सांगितली तर शेजारच्या भुकूमला गारा पडल्या, आमच्याकडं थेंब नाही. मंगळवारी सकाळी पिवळा इशारा दिला, दुपारी काढून घेतला, संध्याकाळी परत दिला. गावाच्या ग्रुपवर पलीकडच्या बांधावरचा वाल्मीक रोज तीन-तीन अंदाज टाकायचा, तिन्ही वेगळे. तिकडं भात थांबत नव्हतं. लोंबीला नुसता हात लागला तरी दाणे झडत होते. आणखी चार दिवस गेले असते तर निम्मं पीक चिखलातच पडलं असतं.

"त्या डबड्यात कोन बसलंय त्येला तरी ठाव हाय का पाऊस कुटं हाय?" रत्नामावशी म्हणायची. रत्नामावशी आमच्या शेजारच्या बांधावरची. नवरा नाही, मुलगी दिलेली, आणि आमच्या खालचं ते एकच खाचर. त्याच भातावर तिचं वर्ष निघतं, त्यातलंच थोडं बी म्हणून ठेवते. ती रोज कडेला येऊन उभी राहायची, आबांकडं बघायची आणि नुसतं विचारायची, "काय आबा, बरं हाय ना?" म्हणजे कधी कापताय.

बुधवारी सकाळी सातला आबा घरात नव्हते. अंगणात विळ्याची खुंटी रिकामी. मी चहाचा तांब्या घेऊन धावत शेतावर गेले, तर आबा वरच्या खाचरात खाली वाकून कापत होते. दोन ओळी झाल्या होत्या. हात असा चालत होता की विशीतल्या गड्यानं बघत राहावं. कापणं त्यांच्या हाताला येत होतं, त्याला डोक्याची गरज नव्हती.

"आबा, आज कसं काय काढलं?"

ते सरळ झाले. माझ्याकडं बघून हसले. "चंद्रे, तात्या म्हनलं आज सुरू करा. बैलांना वैरन टाकलीस का?"

तात्या म्हणजे त्यांचे वडील. आमच्याकडं बैल नाहीत त्याला वीस वर्षं झाली. ते कुठल्या सालात कापत होते देवाला ठाऊक. पण गावानं बघितलं ते आजच्या सालातलं. मी मान वर केली तर रत्नामावशी पदर खोचून खाचरात उतरलेली. तिच्या पलीकडं वाल्मीकची बायको विळा शोधायला घराकडं पळत होती.

तिथंच बांधावर उभं राहून मी निरंजनला फोन लावला. तो पिरंगुटला कंपनीत, पहिल्या पाळीला.

"आबांनी विळा लावलाय," मी म्हटलं. "शुद्धीत न्हाईत. सगळं गाव कापायला लागलंय."

 मागं मशिनचा आवाज येत होता. निरंजन म्हणाला, "पाऊस सांगितलाय का?"

"सांगितलाय. उद्याचा."

"आठ दिवस झालं सांगत्यात. आला का? न्हाई यायचा. तू त्वांड उघडू नगंस साधना. लीलाआक्का उद्या येनार हाय कापनीला, तिच्या कानावर ग्येलं तर झालंच आपलं."

मी फोन ठेवला. मला नवऱ्याचा राग यायला हवा होता. पण खरं तर तो बोलला तेच मला ऐकायचं होतं.

तरी घरी आल्यावर मी शैलेशकडं गेले. शैलेश आमच्या जुन्या खोलीतला भाडेकरू, अमरावतीचा, घरूनच कंपनीचं काम करतो. त्यानं कॉम्प्युटरवर रंगीत नकाशा काढून दाखवला. "काकू, हे बघा, हे सगळं पूर्वेकडून सरकतंय. उद्या दुपारी तीन ते पाच. मी नव्वद टक्के म्हणेन."

"आणि रविवारी किती टक्के होतं?"

तो बिचारा ओशाळला. "रविवारी पण नव्वदच होतं."

बस. तेवढ्यावर मी सकाळ काढली. बघा म्हणजे, पाऊस येणार असं सांगणाऱ्याचं खोटं निघावं, म्हणून मी देवाला नमस्कार केला. आणि स्वतःला म्हटलं की मी काही कोणाला कापायला सांगितलेलं नाही.

दुपारी मात्र राहवलं नाही. रत्नामावशीचं पाव खाचर कापून झालं होतं. मी तिच्या बांधावर गेले. "मावशी, तेवढ्यावर थांबा. उद्या दुपारी पाऊस सांगितलाय."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोनी सांगितलं? त्या डबड्यानं?"

"व्हय."

"आन आबांनी काय सांगितलं?"

"आबा काय सांगत्यात? आबा कापत्यात."

"मंग?" ती परत खाली वाकली. "तुझा सासरा कापतोय, तू मला थांब म्हनतीस. त्याच्यापेक्षा लई शानी झालीस व्हय गं?"

एक वाक्य बोलायचं होतं. आबांना आज कुठला वार आहे तेही ठाऊक नाही, एवढंच. माझ्या तोंडात ते आलं होतं. ते गिळून मी तशीच परत फिरले, आणि मागं तिच्या विळ्याचा खसखस आवाज येत राहिला. संध्याकाळपर्यंत सगळं शिवार आडवं झालं. एवढा उकाडा की पान हलत नव्हतं. दिवे लागले तसे पंखवाले किडे घरात घुसायला लागले, आमटीत पडले, आबांच्या टोपीवर बसले. आबा ते निवांत झटकत होते.

गुरुवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं. ग्रुपवर वाल्मीकनं अंदाज टाकला तर लोकांनी त्याची टर उडवली. लीलाआक्का दहाच्या गाडीनं आली, येताना आबांना आवडते म्हणून बाकरवडी घेऊन आली. आबांनी तिला ओळखलं, जवळ बसवून घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला आग्रह करून दोनदा वाढलं. बाराला कडक ऊन होतं. एकलाही ऊन होतं. रत्नामावशी बांधावरूनच मला ओरडून म्हणाली, "काय गं, कुटं ग्येला तुजा पाऊस?" मी हसले. बाई गं, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोनच्या सुमारास वारा पडला. परतीचा पाऊस आमच्याकडं पुण्याच्या अंगानं येतो, म्हणून मी तिकडं बघितलं. डोंगराच्या मागं आभाळ काळं नाही, जांभळं दिसत होतं, आणि ते वर चढत होतं. गाई दावं ओढायला लागल्या. शैलेश लॅपटॉप तसाच हातात घेऊन बाहेर आला.

मी शेताकडं पळाले. तोवर गाव शिवारात उतरलं होतं. अजून तासभर हातात होता. एवढ्या वेळात भात गोळा करून, भारे बांधून, बांधावर उंच रचून ताडपत्री टाकता आली असती. वाळलं नसलं तरी पाण्यात तर बसलं नसतं. लोकांनी तसंच सुरू केलं होतं. रत्नामावशी एकटीच दोन्ही हातांच्या कवेत भात गोळा करत होती. ऊर फुटेल अशी धावत होती.

आणि वरच्या बांधावर आबा उभे होते. लीलाआक्का त्यांच्या शेजारी.

वाल्मीकनं खालून हाक मारली, "आबा, भारं बांदायचं ना?"

आबांनी पूर्वेकडं तोंड केलं. नेहमीसारखे जरा वेळ उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, "हात लावू नगा. वरच्या वर जातंय त्ये. वाळू द्या."

सगळ्यांचे हात थांबले. खरंच सांगते, डोळ्यांसमोर जांभळं आभाळ दिसत असताना थांबले. वाल्मीकनं बांधायला घेतलेली दोरी सोडली. रत्नामावशीनं कवेतलं भात परत खाली पसरलं, नीट, एकसारखं, लोंब्या उन्हाकडं येतील असं. ऊन तर कधीच गेलं होतं.

आबा सकाळपासून मला तीनदा विचारून गेले होते, की बैल कुणी सोडले.

मी ओरडले. "उचला गं बायांनो, उचला! आबांचं ऐकू नका. त्यांचं डोकं ठिकानावर न्हाई."

कोणी हललं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

"वैनी, काय बोलताय तुमी?" वाल्मीक म्हणाला.

"सासऱ्याला आसं बोलतीस?" रत्नामावशी म्हणाली. "चारचौगात?"

"सकाळपासनं बैल हुडकत्यात ते," मी म्हटलं. "मला चंद्रा म्हनत्यात. काल विळा लावला तो त्यांच्या वडलांनी सांगितलं म्हनून लावला. त्यांना आज काय वार हाय ते ठाव न्हाई. मी काल सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाई. आता तरी उचला."

आबा वळले. आणि माझं नशीब असं, की नेमके त्या वेळी ते लख्ख होते. त्यांच्या डोळ्यांतनं मला ते कळलं. मला बघणारे ते माझे सासरे होते, चंद्राचा भाऊ नव्हता.

"खरं बोलतीस का पोरी?"

"व्हय, आबा."

"कवापासनं हाय ह्ये?"

"श्रावनापासनं."

त्यांनी मान हलवली. "मंग मला का न्हाई सांगितलंस? मला ठाव आसतं तर म्या इळा लावला नसता."

घरात आम्ही दोघांनी किती विचार केला होता. कोणाला सांगायचं नाही, कसं लपवायचं, लीलाआक्का आली तर काय बोलायचं. पण ज्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही त्यालाच सांगावं, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. मला तिथं उभ्या-उभ्या रडू आलं.

आबांनी खाली शिवाराकडं हात केला. "उचला रं. म्या आभाळात काय बी बगितलं न्हाई. नुसताच हुबा हुतो."

मग लोक धावले. पण मधली पंधरा-वीस मिनिटं गेली ती गेली. रत्नामावशीचं निम्मं भात त्या दिवशी वाचलं, निम्म्याला चौथ्या दिवशी खाचरातच हिरवे मोड आले.  माझ्या घरचं पाणीही ती आता पीत नाही.

सगळे धावले तेव्हा लीलाआक्का मात्र जागची हलली नव्हती. विजा चमकायला लागल्या होत्या. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"श्रावनापासनं म्हनतीस," ती म्हणाली. "कागद ज्येष्ठात झाला. ज्येष्ठात कसं हुतं?"

मी काही बोलायच्या आत आबाच मधे आले. चिडून नाही. खरंच माहीत नसलेली गोष्ट माहीत असलेल्या माणसाला विचारतात, तसे ते बोलले.

"सांग की गं. तू हुतीस संगं. सही केली तवा मी शुद्धीवर हुतो का? मला काय आटवत न्हाई."

लीलाआक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मला तो बाक दिसला, नवरीची चौकशी करणारे आबा दिसले, अर्ध्या बांधलेल्या खोल्या दिसल्या. आत्ताच मी एवढ्या लोकांसमोर खरं बोलले होते. दुसऱ्यांदा तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

"हुता, आबा," मी म्हटलं. "चांगलं शुद्धीवर हुता."

आबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "झालं तर मंग. ती सांगती म्हंजी तसंच आसंल."

लीलाआक्का खाली उतरली आणि रत्नामावशीच्या खाचरात जाऊन भात गोळा करू लागली. पहिले टपोरे थेंब मातीत पडत होते. आबा माझ्याजवळ आले. आमच्या खाचरात चार ठिकाणी भात पडलं होतं. त्याकडं त्यांनी बघितलं, मग आभाळाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"आदी कुटलं उचलू?" त्यांनी विचारलं. "आता तू सांगत ऱ्हा पोरी. तू सांगशील तसं करतो."

मी बोट दाखवलं. ते वाकले आणि मी दाखवलं तेच भात उचलायला लागले.